अर्ध्या भुवईचं लेबल

आईने पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि दुसऱ्या हाताने धाकटीची हनुवटी वर उचलली.

"हलू नकोस. वाकडी झाली तर छापखान्यात सगळ्यांसमोर दोन भुवया दोन गावच्या दिसतील."

धाकटी हलली नाही. चार लोकांत जायचं म्हटलं की हा सोहळा ठरलेलाच होता. तिची डावी भुवई नाकापासून नीट निघायची आणि मध्यावर येऊन थांबायची. पुढे कानापर्यंत नुसती गुळगुळीत, किंचित चकाकणारी कातडी. एकोणिसाव्या वर्षी घरच्या पॉलिशच्या भट्टीवर टर्पेंटाइनची वाफ पेटली, तेव्हा वडिलांच्या हातातला डबा हिसकून तिने अंगणात भिरकावला होता. वडील वाचले, शेड वाचली, भुवई तेवढी गेली. वडील तिला घराण्याचं पदक म्हणायचे आणि आलागेला प्रत्येक माणूस धरून दाखवायचे. आई मात्र पेन्सिल घेऊन यायची.

"आज नसती काढली तरी चाललं असतं," धाकटी म्हणाली.

"आजच तर काढायची. भावजींचा मोठा दिवस आहे. तुझ्या तोंडाकडे बघून कुणाला नको ते आठवायला नको." आई जरा मागे सरकली आणि डोळे बारीक करून आपलं काम पाहू लागली. "आणि तोंड बंद ठेव. परवा जेवताना कशी शहाण्यासारखी गप्प बसलीस, तशीच बस."

परवा जेवताना काकांनी भाकरीचा तुकडा मोडावा इतक्या सहजपणे सांगून टाकलं होतं की हातातला माल संपला की भट्टी बंद. मेण आणायचं, वितळवायचं, गाळायचं, तासन्‌तास ढवळत बसायचं, कुणी सांगितलाय उपद्व्याप? कारखान्यातून तयार पॉलिश पिंपांतून येईल. आपण ते डब्यांत भरायचं आणि आपलं लेबल लावायचं. वडील गेल्यापासून भट्टी एकट्या धाकटीच्या हातात होती. त्यामुळे सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, आणि ती काही बोलत नाही असं बघून पुन्हा जेवायला लागले. गुळणी धरून बसलेल्या माणसाने तोंडात काय धरलंय हे विचारायची आपल्याकडे कुणाला सवय नसते.

ती जेवणावरून उठली ती थेट चुलतभावाच्या खोलीत गेली होती.

*

छापखाना दोन गल्ल्या सोडून होता. रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि दाराशीच शाईचा आणि रॉकेलचा वास भेटायचा. आत उजेड येण्याची वाट म्हणजे तेवढंच दार. दिवे होते, पण शाईचा खरा रंग दिव्याखाली कळत नाही म्हणून मालक प्रत्येक कागद दारापाशी आणूनच बघत. भिंतीलगत कागदाच्या थप्प्या, कोपऱ्यात कापायचं यंत्र, आणि मधोमध ती हिरवी मशीन. तिच्याभोवती आज खुर्च्या मांडल्या होत्या.

काका आधीच येऊन उभे होते. पांढराशुभ्र शर्ट, चकचकीत बूट, आणि त्या सगळ्याच्या वर मिशी. दादा, म्हणजे धाकटीचे वडील, गेल्यापासून त्यांनी ती वाढवायला घेतली होती आणि आता तिची टोकं बरोबर वर वळत होती. सकाळी त्यांनी तिला मेण लावलं होतं. मेण भट्टीवरचंच होतं, हे धाकटीला वासावरून कळलं.

या मिशीची हकिकत घरातल्या पोरांना बोलायला लागण्याआधी पाठ व्हायची. पॉलिशच्या चपट्या डब्यावर पिवळं गोल लेबल, लेबलावर भरघोस मिशांचा माणूस, आणि खाली फक्त तीन शब्द, 'अस्सल लाकूड पॉलिश'. दुकानात ते तीन शब्द कुणी उच्चारत नसे. "एक मिशीवाला द्या," म्हणायचे आणि डबा घेऊन जायचे. तो मिशीवाला म्हणजे आजोबा, पॉलिश पहिल्यांदा शिजवणारे. म्हणून घराण्याचा दंडकच पडला होता: जो धंद्याच्या गादीवर बसेल त्याने तशी मिशी राखायची. लेबलांची नवी छपाई असली की सगळ्या घराने छापखान्यात यायचं. कर्त्या माणसाने मशीनपाशी उभं राहायचं. मग मालक पहिला कागद त्याच्या गालाशी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघणार आणि म्हणणार, "जुळतंय." कर्त्याने म्हणायचं, "चालू करा." मग मशीन सुरू.

वडील असे आयुष्यभर उभे राहिले होते. मिशी त्यांना चावायची, उन्हाळ्यात तर ते घरभर ओठ खाजवत फिरायचे, पण काढली नाही. गादीवर बाई बसू शकत नाही असं या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. मिशीने ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

"या वहिनी, बसा," काका आईला म्हणाले. "ताई, तू ही खुर्ची घे, ती डुगडुगते."

ताई म्हणजे आत्या, भावंडांत सगळ्यात थोरली. ऐंशीच्या घरात असली तरी डोळ्यांनी आणि जिभेने ठणठणीत होती. तिने खुर्ची हलवून पाहिली आणि मग बसली. "कारखान्याचं पॉलिश, काकाची मिशी," ती धाकटीला म्हणाली, "तुझी पाठ तरी सुटली त्या चुलीपासून. काकाचं ऐकावं. तो वाईट नाही सांगत."

"ऐकलंय मी, आत्या," धाकटी म्हणाली.

काकांचा मुलगा मशीनच्या पलीकडे उभा होता. सहा फूट उंच, पण घरात त्याला सगळे टिल्लूच म्हणायचे. त्याच्या वरच्या ओठावर तिशी उलटली तरी चार केस जमायला तयार नव्हते. काकांनी एरंडेल चोळायला लावून पाहिलं होतं, कांद्याचा रस लावून पाहिला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेबलं आखायचं काम तोच संगणकावर करायचा. आज तो कुणाकडेच बघत नव्हता.

मालक हात पुसत आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी अगदी निर्मळ मनाने विचारलं, "दोन्ही प्लेटा कालच करून ठेवल्यात. आधी कुठलं लावू? मिशीचं की भुवईचं?"

काका हसले. "कसली भुवई?"

मालकांचा हात चष्म्यापाशीच राहिला. त्यांनी टिल्लूकडे पाहिलं, टिल्लूने कागदाच्या थप्पीकडे पाहिलं. "मला वाटलं घरात ठरलंय," मालक म्हणाले.

"घरात नाही ठरलं," धाकटी म्हणाली. "मी ठरवलंय."

तिने पिशवीतून सुरळी काढली आणि मशीनच्या फळीवर उलगडून चारी कोपऱ्यांवर पॉलिशचे डबे ठेवले. काळा आणि मधासारखा, दोनच रंग. मध्ये एका बाईचा चेहरा, मोजक्या रेघांचा. डोक्याला भट्टीवर बांधतात तसा रुमाल, नजर सरळ समोर, आणि डावी भुवई अर्धी. खाली लिहिलं होतं, 'भट्टीवर शिजवलेलं लाकूड पॉलिश'. डब्याच्या कडेला गुंडाळायच्या पट्टीवर वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे ते होतं: 'आधी पुसा. थोडंच लावा. मग थांबा.' ही पट्टी तिने वर्तमानपत्राचे तुकडे डब्याभोवती गुंडाळून गुंडाळून बेतली होती, आणि टोकाला गोंदासाठी बोटभर जागा सोडली होती.

आई टिल्लूवरच घसरली. "पूर्ण तरी काढायचीस रे. तेवढी माणुसकी नाही?"

"मी पूर्णच काढली होती, काकू. हिनेच खोडायला लावली. पुन्हा पुन्हा." टिल्लू ओशाळून म्हणाला. "हाताला सवयच नाही ना. तिचा चेहरा काढला की हात आपोआप भरून टाकतो."

"म्हणजे हे तू केलंस," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "माझ्या घरात, माझ्या पोराने, माझ्या पाठीमागे."

"बाबा, मला मिशी येणार नाही. तुम्हालाही माहितीय. तुमच्यानंतर काय करायचं? चिकटवायची? गोंद आहे म्हणा आपल्याकडे."

आत्याला हसू आलं, ते तिने खोकल्यात घालवलं.

काकांनी लेबल उचललं आणि हातभर लांब धरलं. "हे दुकानात ठेवणार तू? लोक म्हणतील, बाईचं स्वतःचं तोंड भाजलंय, ही आमच्या टेबलाचं काय करणार."

आईने डोळे मिटून घेतले. हे वाक्य कधीतरी कुणीतरी म्हणेल हे धाकटीला ठाऊक होतं, रोज सकाळी आरशात बघताना ती त्याचं उत्तर जुळवत आली होती, आणि आता त्यातलं एकही आठवेना. मग ती नुसतीच मनात होतं ते बोलली.

"भाजलंय म्हणूनच मला कळतं विस्तव कधी विझवायचा. पिंपातल्या पॉलिशचं तोंड कुणी पाहिलंय, काका?"

"कानामागून आली आणि तिखट झाली," काका आईला म्हणाले, जणू तक्रार तिच्याकडेच नोंदवायची होती. मग धाकटीकडे वळले. "तुला वाटतं मला पैशाचा सोस आहे. पिशवी घेऊन दारोदार मी फिरलोय. दादा आत भट्टीवर, मी बाहेर रस्त्यावर. दुकानदार मान वर करायचा नाही. मी डबा पुढे ठेवायचो. मिशी बघून हसायचा आणि म्हणायचा, ठेव दोन डझन. आपण लहानाचे मोठे झालो ते त्या हसण्यावर. लोक पॉलिश घेत नाहीत, मिशी घेतात. आत काय आहे ते कुणी बघत नाही."

"हे तुम्ही बाबांच्या तोंडावर म्हणाला असतात?"

काकांना ते लागलं. त्यांनी लेबल खाली ठेवलं, अगदी हलकेच. "दादा नाही आता. मी आहे. आणि हे," त्यांनी जुन्या पिवळ्या लेबलावर बोट टेकवलं, "हा आपल्या वाडवडिलांचा चेहरा आहे. त्याच्याशेजारी तू आपला चेहरा मांडणार? त्यांच्याविरुद्ध? मालक, सांगून ठेवतो. तिचं छापलंत तर आमचं काम उद्यापासून दुसरीकडे."

मालक चष्मा पुसू लागले. धाकटीने सुरळीची दोरी बोटांभोवती घट्ट गुंडाळली. या गावात दुसरा छापखाना तिला दारात उभं करणार नव्हता. काका अर्ध्या बाजारात मामा-काका म्हणून वावरत होते. आणि लेबल नसेल तर भट्टीवर शिजलेला माल बिननावाच्या डब्यांत पडून राहणार, आणि मग एक दिवस पातेलंच पालथं घालायचं. लहानपणापासून तिला भट्टीवरचं काम एवढी एकच गोष्ट नीट येत होती.

"कुणाच्या वडिलांचा चेहरा?" आत्या म्हणाली.

"काय?"

"तू म्हणालास ना, वाडवडिलांचा. कुणाच्या ते विचारतेय. आपल्या तर नाही." आत्याने पाय पुढे पसरले. गोष्ट सांगायची असली की ती असेच पसरायची. "तुझा जन्म नव्हता तेव्हा. मी एवढी होते, या मशीनच्या जागी जुनी पायाने चालवायची होती, तिच्या फळीला नाक लागायचं माझं. बाबांनी पॉलिश केलं, डबे आणले, पण लेबलाचा ठसा करून घ्यायला हाती काही नव्हतं. यांच्या वडिलांकडे," तिने मालकांकडे मान वळवली, "एका न्हाव्याने केसांच्या तेलासाठी ठसा करवून घेतला होता. मिशीवाला माणूस. तेल काही चाललं नाही, न्हावी गाव सोडून गेला, ठसा इथेच पडून. बाबांनी तो उचलला."

"पण बाबांना मिशी होती," काका म्हणाले. "मी पाहिलीय."

"तू पाहिलीस, कारण तू उशिरा आलास. बाबा तेव्हा तुळतुळीत असायचे. डबे घेऊन गेले तर दुकानदार विचारायचा, हा कोण? बाबा म्हणायचे, मी. दुकानदार लेबल बघायचा, बाबांकडे बघायचा आणि हसत सुटायचा. मग बाबांनी मनावर घेतलं. वाढवली. आई किती चिडायची, दुधाची साय मिशीला लागते म्हणून. आणि ज्या दिवशी टोकं वर वळली ना, त्या दिवशी मला हाताला धरून इथे आले. यांच्या वडिलांनी लेबल उचललं, बाबांच्या गालाशी धरलं आणि म्हणाले, 'आता जुळतंय.' गंमत केली रे त्यांनी. सगळे पोट धरून हसलो. त्या गमतीचा तुम्ही दंडक केलात."

काकांनी मालकांकडे पाहिलं. त्यांना 'हे खरं आहे?' असं विचारायचं होतं, पण विचारवलं नाही.

"माझे वडील सांगायचे," मालक म्हणाले. "पण घर तुमचं. मी कशाला मध्ये तोंड घालू."

"आणि तू?" काका आत्याला म्हणाले. "इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?"

"कुणाचं काय बिघडत होतं? बाबांना मान मिळत होता, दादाला मिळाला, तुलाही मिळू दे म्हटलं. आज सकाळपर्यंत मी तुझ्याच बाजूची होते. पण तू तो चेहरा तिच्या वाटेत आडवा घालायला निघालास. न्हाव्याच्या तेलाचा माणूस चालतो डब्यावर, आणि भट्टीवर भाजलेली आपली पोर चालत नाही? हे मी ऐकून घेणार नाही."

काकांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच थांबला. पीळ द्यावा की खाली घ्यावा हे त्या हाताला कळेना. धाकटीला त्यांचा राग होता, तरी त्या घडीला तिला त्यांची कणव आली. किती दिवस आरशासमोर उभे राहून त्यांनी ती टोकं वळवली होती.

"म्हणजे दादा इथे उभा राहायचा ते सगळं खोटं," काका शेवटी म्हणाले.

"मिशी खरी होती रे त्याची," आत्या म्हणाली. "तुझीही खरी आहे. तोंड तेवढं दुसऱ्याचं."

काकांनी मान ताठ केली. शर्टाची कॉलर ओढून सारखी केली. "ठीक आहे. न्हाव्याचा तर न्हाव्याचा. माझ्या बापाने तो आपला केला, माझ्या भावाने केला, मीही करणार. मी उभा राहतो. मालक, लावा मिशीचं."

"लावतो," मालक म्हणाले. "आणि मग हिचंही लावतो. तुम्ही दुसरीकडे जायचं तर जा, पण मशीनला मिशी कळत नाही. तिला शाई कळते."

"भट्टी मात्र तिची," आत्याने लगेच पुढचं उरकून घेतलं. "ढवळते ती, भट्टी तिची. पिंपं तुझी. अंगण दोघांना पुरून उरेल. आणि घर कुणी कुणाला सोडायला सांगायचं नाही, मी आहे तोवर."

काकांनी धाकटीकडे बघितलं. "बाजार माझा आहे. तिथे मी तुला पाय ठेवू देणार नाही."

"तुम्ही ज्या दुकानात जाल, त्याच दुकानात तुमच्या मागोमाग मी येणार," धाकटी म्हणाली. "तुमच्याच डब्याशेजारी माझा डबा ठेवायला सांगणार. दुकानातलंच टेबल अर्धं तुमच्या पॉलिशने पुसू, अर्धं माझ्या. मग दुकानदार हसतो की नाही ते बघू आपण दोघं मिळून."

"मिळून?"

"मग काय. मी तुमच्याशी भांडतेय, तुम्हाला सोडून नाही चाललेय."

काका मशीनपाशी जाऊन उभे राहिले, छाती काढून. मालकांनी पहिला कागद काढला, दारापाशी उजेडात घेऊन आले, काकांना तिथे बोलावलं आणि तो त्यांच्या गालाशी धरला. पिवळ्या गोलातले कितीतरी मिशीवाले आणि त्यांच्याशेजारी काका. मालकांनी नेहमीसारखं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"जुळतंय."

"चालू करा," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी दादासारखा आला. आईने चटकन मान वळवली.

*

मिशीवाल्यांची थप्पी झाली, मशीन थांबली. मालकांनी रोलर धुतले, पिवळी शाई पुसून मधाच्या रंगाची चढवली. काका घरी गेले नाहीत. ते दारात, खालच्या पायरीवर, पाठमोरे उभे राहिले. जायचं तर नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. टिल्लू आपल्या बापाला काहीतरी सांगायला दोनदा पुढे झाला आणि दोनदा परत आला.

आई खुर्चीत बसून होती. टिल्लूवर घसरल्यानंतर ती काहीच बोलली नव्हती. ना काकांच्या बाजूने, ना लेकीच्या. मांडीवरच्या पिशवीचा बंद ती उलगडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. धाकटीने तिच्याकडे बघायचं टाळलं. आत्या आपल्या बाजूला येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, ती आली. आई येणार नाही हे ती धरूनच चालली होती, आणि तरीही तेच टोचत होतं.

मशीनने पहिला कागद सोडला. त्यावर तिचा चेहरा होता, एकदा नव्हे तर ओळीने ओळी भरून. प्रत्येक चेहऱ्याची भुवई अर्धी. धाकटीने तो पाहिला आणि तिला भीतीच वाटली. असं उघडं तोंड घेऊन ती कधी चार लोकांत गेली नव्हती. आता दुकानादुकानात जायचं होतं.

"ये," मालक म्हणाले.

"तिला कशाला?" काका पाठमोरेच म्हणाले. "तिला काय मिशी आहे?"

"पहिला कागद कर्त्या माणसाच्या गालाशी धरायचा. माझ्या वडिलांनी मला एवढंच शिकवलंय." मालकांनी कागद धाकटीच्या गालाशी धरला. उजेड कमी होता म्हणून ते पुढे झुकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुन्हा इकडे पाहिलं. मग त्यांनी कागद खाली घेतला.

"जुळत नाही."

"काय झालं?" टिल्लू पुढे आला. "चेहरा तोच आहे की."

"कागदावर अर्धी आहे," मालक म्हणाले. "इथे पूर्ण आहे."

सकाळची पेन्सिल. एवढ्या गोंधळात धाकटी ती साफ विसरून गेली होती. काका वळले, त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि ते हसायला लागले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. "घ्या. आजोबांनी मिशी वाढवली, नातीने भुवई रंगवली. घराणं एकच आहे बाबा."

धाकटीने भुवईकडे हात नेला. पण त्याआधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आई उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने पिशवीतून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि दुसऱ्या हाताने धाकटीची हनुवटी वर उचलली.

"हलू नकोस," ती म्हणाली.

ती पुसू लागली. पहिल्यांदा नुसतंच काळं पसरलं. आईने रुमालाचं दुसरं टोक घेतलं, पुन्हा ओलं केलं, पुन्हा पुसलं. मग खालची ती गुळगुळीत, चकाकणारी कातडी दिसायला लागली. इतकी वर्षं तिने ती झाकली होती, पण एकदाही बोट लावून पाहिली नव्हती. आता तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला. "हिचे बाबा वाचले होते हिच्यामुळे," ती स्वतःशीच म्हणाली. "मी तेच दर वेळी पुसून टाकत होते."

"आई."

"गप्प बस म्हणून मीच सांगितलं होतं सकाळी. आता नको बसूस." तिने रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि मालकांकडे वळली. "धरा आता कागद."

मालकांनी कागद धरला आणि डोळे बारीक केले. "उजेड येत नाहीये," ते म्हणाले.

आई दाराकडे वळली. आयुष्यात कधी दिराशी ती वर मान करून बोलली नव्हती.

"भावजी, दारातून सरका जरा. तुमच्यामुळे उजेड अडतोय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग एक पायरी वर चढले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दारातून उजेड सरळ आत आला आणि धाकटीच्या तोंडावर पडला. ती डोळे न मिचकावता उभी राहिली.

मालकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"जुळतंय."

"चालू करा," धाकटी म्हणाली.